तंजावूरचे नाटक, सांगलीचे तिकीट

गेल्या वर्षी एका बहुभाषिक नाट्यसंकलनासाठी मी शहाजीराजे भोसल्यांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ या नाटकातला एक तुकडा इंग्रजीत करत होते. हे शहाजीराजे म्हणजे शिवछत्रपतींचे वडील नव्हेत. त्यांचे नातू, व्यंकोजीराजांचे चिरंजीव, १६८४ ते १७१२ या काळात तंजावूरच्या गादीवर असलेले. भाषांतर पोचले, दुरुस्त्या झाल्या, आणि शेवटी संपादकांचा फोन आला. परिचयाची टीप लांबली आहे, एका ओळीवर आणा. ओळ त्यांनीच सुचवली : ‘मराठीतले पहिले नाटक, इ.स. १६९०च्या सुमारास.’

ओळ चुकीची म्हणता आली नसती. तरी मी ‘उद्या सांगते’ म्हटले, आणि तो उद्या तीन आठवडे लांबला.

एक कारण अगदी घरगुती आहे. मी सांगलीची. आमच्या गावात विष्णुदास भाव्यांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे, ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन तिथे सणासारखा असतो. १८४३ साली त्या दिवशी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ झाले आणि मराठी नाटक जन्मले, हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ. पुढे एम.ए.ला तौलनिक साहित्य घेतले, तंजावूरच्या नाटकांची ओळख झाली आणि नव्याने माळ घातलेल्या वारकऱ्याच्या उत्साहाने मी एक निबंध लिहिला. ही नाटके वेळेवर महाराष्ट्रात पोचली असती तर मराठी रंगभूमी दीडशे वर्षांनी थोरली असती, असे एक वाक्य त्यात होते. ते तेव्हा मला फार आवडले होते. आता वाचताना कानकोंडे व्हायला होते. त्या वाक्यात ‘पोचली असती तर’ हे शब्द इतक्या सहज येतात, की जणू बैलगाडीचे चाक मोडले म्हणून नाटक वाटेत अडकले होते. ते का पोचले नाही, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. संपादकांच्या एका ओळीने तो पुन्हा समोर आणून ठेवला.

मुळात मराठी तिकडे गेली कशी, तिथून सुरुवात करावी लागते. १६७३ साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावूरवर स्वारी केली आणि तिथला वृद्ध राजा विजयराघव नायक लढाईत मारला गेला. नायकांच्या वारसाला गादी परत मिळवून द्यावी म्हणून विजापूरच्या आदिलशाहीने आपल्या एका सरदाराला धाडले. तो सरदार व्यंकोजी भोसले. त्याने मदुरेवाल्यांना हुसकावले, आणि १६७५च्या आसपास तो स्वतःच गादीवर बसला. शिवाजीमहाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले ते त्यानंतर, १६७७मध्ये. म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातले मराठी राज्य हे स्वराज्याचे पसरलेले टोक नव्हे. दोन नायक घराण्यांचे भांडण, एका सुलतानाचा हुकूम आणि एका सरदाराने साधलेली वेळ, एवढ्यावर ते उभे राहिले. मराठी इतिहासाला याची थोडी अडचणच वाटते. शाळेत व्यंकोजी भेटतात ते थोरल्या भावाचा वाटा न देणारे धाकटे भाऊ म्हणून, आणि मग धडा संपतो.

पण साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. व्यंकोजीराजांना तंजावुरात नुसते भाताचे कोठार मिळाले नाही. बांधून तयार असलेला रंगमंच मिळाला. नायक राजे तमिळ मुलखावर राज्य करत होते आणि त्यांच्या दरबाराची भाषा तेलुगू होती. रघुनाथ नायक स्वतः कवी, त्याचा मुलगा विजयराघव यक्षगान लिहिणारा, त्याच्या दरबारातली रंगाजम्मा तेलुगूची नावाजलेली कवयित्री. राज्यकर्त्याची भाषा एक, रयतेची दुसरी, शास्त्रांची तिसरी, आणि राजाने स्वतः नाटक लिहावे, ही तिथली रीतच होती. भोसले आले आणि त्या रीतीत बसले.

शहाजीराजांनी लिहिलेली बहुतेक नाटके तेलुगूत आहेत. मराठीत आहेत, संस्कृतात आहेत, आणि एक ‘पंचभाषाविलास’ नावाचे आहे, ज्यात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा बोलल्या जातात. हे नाटक माहीत असूनही मी निबंध लिहिताना त्याचा अर्थ लक्षात घेतला नव्हता. पाच बायका एका घरात नांदाव्यात तशा पाच भाषा एका नाटकात नांदवणारा हा माणूस ‘मराठी नाटकाची सुरुवात’ करत नव्हता. सुरुवात, पहिले, जनक हे शब्द आमचे आहेत, एका भाषेला एक रंगभूमी असते असे गृहीत धरणाऱ्या काळाचे. शहाजीराजांच्या दृष्टीने मराठी ही दरबारात शोभणारी एक भाषा होती. घरची होती, म्हणून थोडी लाडकी असेल.

‘लक्ष्मीनारायण कल्याण’ वाचताना भाषांतरकाराला जी अडचण येते तीही याचीच साक्ष देते. मराठी शब्द ओळखीचे, वाक्य ओळखीचे, पण डोक्यावर कर्नाटक संगीतातला राग आणि ताल नोंदलेला. पदाला नाव ‘दरू’, तेलुगू यक्षगानातले. ‘कल्याण’ म्हणजे लग्न, हा अर्थही दक्षिणेतला. आधी वंदन, मग सूत्रधार, मग पात्राने आपली ओळख करून देत प्रवेश करायचा, मग पद, मध्ये थोडे गद्य. मी पहिल्या मसुद्यात ‘कल्याण’चे भाषांतर ‘क्षेम’ या अर्थाने केले होते. दक्षिणेतल्या कुठल्याही मंगल कार्यालयाची पाटी वाचली असती तरी ती चूक टळली असती.

आता सांगलीकडे वळते. १८४२च्या सुमारास उत्तर कन्नड भागातल्या कर्कीची एक भागवत मंडळी खेळ करत करत सांगलीला आली. त्यांचा कानडी यक्षगानाचा खेळ संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिला, आणि असे काही मराठीत, पण जरा नीटस, करता येईल का, असे त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना विचारले. त्यातून ‘सीता स्वयंवर’ झाले. त्यातही आधी गणपती, मग सरस्वती, सूत्रधार सगळा वेळ रंगमंचावर उभा राहून पदे गाणारा, विदूषक त्याला अडवणारा, आणि देव-राक्षसांचे आरडाओरड्याचे प्रवेश.

या दोन गोष्टी शेजारी मांडल्यावर मला थांबावे लागले. तंजावूरला तेलुगू यक्षगान, सांगलीला कानडी यक्षगान. दोन्हीकडे दक्षिणेचा एकाच कुळातला खेळ मराठी राजाच्या डोळ्यांसमोर आला आणि दोन्हीकडे तो मराठीत उतरला. दोन्हीकडे प्रयोग दरबारात. राजाची हौस हे कारण दोन्हीकडे समान आहे, परभाषेतला नमुना समान आहे, विषय पुराणातला आणि लग्नाचाच. आपण ज्याला वळणाची कारणे म्हणतो ती जवळजवळ सगळी १६९० साली हजर होती. तरी वळण आले नाही. मग १८४३ साली कशाने आले?

माझे उत्तर असे, की १८४३ सालीही आले नाही. आप्पासाहेब आणखी वीस वर्षे जगते आणि भाव्यांना पोसत राहते, तर ‘सीता स्वयंवर’ही सांगलीच्या दप्तरात पडून राहिले असते. १८५१ साली आप्पासाहेब वारले. नव्या कारभाराला नाटकात रस नव्हता. भाव्यांच्या अंगावर मंडळीचा खर्च होता आणि दरबारातून काही येईना. तेव्हा त्यांनी तेच केले जे कर्कीच्या भागवतांना आधीपासून ठाऊक होते : सामान गाड्यांवर घातले आणि गावोगाव निघाले. १८५३ साली त्यांची मंडळी मुंबईला पोचली आणि जगन्नाथ शंकरशेटांच्या ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. त्याच नाट्यगृहात त्याच वर्षी पारशी मंडळींनीही आपले नाटक उभे केले. बघायला येणारा आता कोणाचा आश्रित नव्हता. त्याने पैसे मोजले होते, आवडले नाही तर तो दुसऱ्या दिवशी येणार नव्हता. सांगलीकरांच्या मागून इतर गावांच्या मंडळ्या निघाल्या, आणि १८८०मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले तेव्हा तिकीट काढून नाटक बघणाऱ्यांची एक पिढी तयार होती.

म्हणजे ज्याला आम्ही सांगलीकर उत्सवाने जन्मदिवस म्हणतो, त्याहून आश्रयदात्याचा मृत्यू अधिक कामाचा ठरला. हे आमच्या गावात बोलायला थोडे जड जाते. आणखी एक साधी बाब. भावे पदे तेवढी लिहीत. मधले बोलणे नट वेळेवर रचून घेत. त्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला गेला तो १८८५ साली, मंडळीचे दिवस संपून गेल्यावर. तंजावूरचे नाटक मात्र लिहिलेले होते, गद्यासकट. लिहिलेले टिकले आणि न लिहिलेले चालत गेले. मी भाषांतर करते म्हणून मला लिहिलेल्याचे प्रेम, पण इथे न लिहिण्याचाच उपयोग झाला असावा.

तंजावूरला राजाश्रय तुटला नाही, हाच तिथला घात झाला असे म्हणता येईल का? मला काही दिवस तसे वाटत होते. पण तिथे तो तुटलाही, आणि दोनदा तुटला.

पहिल्यांदा १७९९ साली. दुसऱ्या सरफोजीराजांची गोष्ट कादंबरीला पुरेल अशी आहे. तुळजाराजांनी १७८७ साली मरणाआधी दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. मग ते दत्तविधान शास्त्राला धरून नाही, असा पंडितांचा निर्वाळा निघाला आणि गादी अमरसिंहाला मिळाली. मग दुसऱ्या पंडितांचा उलटा निर्वाळा निघाला आणि १७९८ साली कंपनीने त्याच मुलाला गादीवर बसवले. दरम्यान त्याला वाढवले ते श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने. गादीची किंमत पुढच्याच वर्षी द्यावी लागली. १७९९च्या तहाने सगळा मुलकी कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि आजूबाजूचा भाग, वर्षाला एक लाख स्टार पगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

राज्य गेले, म्हणून राजा पुस्तकांकडे वळला, असे यावर सरसकट लिहिले जाते. हे कारण अर्धेच आहे. पेन्शनीत निघालेले राजे त्या काळात पुष्कळ होते. आठ लाखांचे पेन्शन घेऊन बिठूरला गेलेल्या दुसऱ्या बाजीरावांनी छापखाना काढला नाही. सरफोजीराजांनी काढला, १८०५-०६च्या सुमारास, ‘नवविद्याकलानिधि’ या नावाने, आणि त्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ देवनागरीत छापून घेतले. ‘देवेंद्रकुरवंजी’ नावाच्या त्यांच्या मराठी नाटकात कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरकन्या, पृथ्वीचा भूगोल सांगते, खंडे, देश, समुद्र सगळे. तमिळ लोकनाट्याचा साचा, मराठी भाषा, आणि आत युरोपीय शाळेतला भूगोल. हे फक्त रिकाम्या वेळातून येत नाही. नायकांच्या काळापासून चालत आलेली राजाने लिहिण्याची रीत, पाद्र्याने दिलेले शिक्षण, आणि कंपनीने दिलेली सक्तीची विश्रांती, तिन्ही एकाच माणसात येऊन मिळाली. यातले एक काढले की गोष्ट उभी राहत नाही.

(याच राजांनी समुद्रकाठी मनोरा नावाचा बुरूज बांधला, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ. युरोपच्या इतिहासाचे एवढे मोठे वळण, आणि त्याची खूण तमिळ किनाऱ्यावर, राज्य गमावलेल्या मराठी राजाने उभारलेली! तिथे गेले तेव्हा मुले भिंतीवर चढून सेल्फी काढत होती.)

तर इसाप मराठीत छापला गेला तेव्हा मुंबईत मराठी छपाईला सुरुवात व्हायची होती. तिथले ‘पंचोपाख्यान’ १८२२चे, ‘दर्पण’ १८३२चे. इथेही तंजावूर पुढे, आणि इथेही त्यातून पुढे काही निघाले नाही. १८०३ साली याच राजांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारातल्या भिंतीवर भोसले वंशाचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. एवढा लांब मराठी शिलालेख दुसरीकडे नाही. भिंतीपाशी मी बराच वेळ उभी होते. देवळात हजारभर माणसे होती, त्यातल्या एका कुटुंबाने मला विचारले की हे हिंदी आहे का.

आश्रय दुसऱ्यांदा तुटला तो १८५५ साली. सरफोजीराजांचे चिरंजीव शिवाजीराजे ऑक्टोबरात वारले, मुलगा नव्हता, आणि डलहौसीच्या कंपनीने संस्थान खालसा केले. खाजगी मालमत्तेवरही टाच आली, तेव्हा राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या, १८५९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरल्या : ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला तिच्यात हात घालता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला अजून शिकवतात. मालमत्ता पुढे राण्यांना परत मिळाली, ग्रंथालयातल्या संस्कृत पोथ्यांची बर्नेलने केलेली मोठी सूची १८८०मध्ये छापली गेली, आणि १९१८ साली सरस्वती महाल सरकारकडे जाऊन लोकांना खुला झाला. नाटकाच्या पोथ्या रुमालात होत्या तशा राहिल्या.

म्हणजे सांगलीच्या भाव्यांचा आश्रय १८५१ला तुटला, तंजावूरचा १८५५ला. चार वर्षांचे अंतर. भावे गाड्या जुंपून निघाले, तंजावूरहून कोणीच निघाले नाही. मी वहीत एक सरळ वाक्य लिहिले : सांगलीभोवती मराठी बोलणारा प्रेक्षक होता, तंजावूरभोवती नव्हता. कारण सापडले, टीप लिहून टाकू.

मग मी मेलट्टूरला गेले आणि ते वाक्य खोडावे लागले.

मेलट्टूर तंजावूरपासून तासाभराच्या आत आहे. नायकांच्या काळात वसवलेला ब्राह्मणांचा अग्रहार. मे महिन्यात नरसिंह जयंतीला तिथे भागवत मेळा होतो. आधी तोंडाला लांब टोपी घातलेला कोणंगी नाचून जातो, मग मुखवटा घातलेला छोटा गणपती, मग रात्रभर ‘प्रल्हादचरित्र’. सगळ्या भूमिका पुरुषांच्या. नरसिंहाचा मुखवटा एरवी पूजेत असतो, आणि तो घालणारा त्या दिवशी उपास करतो. हे सगळे तेलुगूत. वेंकटराम शास्त्रींनी ही नाटके लिहिली ती मराठी राजवटीतच, आणि गावात तेलुगू कोणाची रोजची भाषा नाही. परंपरा मध्यंतरी क्षीण झाली होती, विसाव्या शतकात गावकऱ्यांनी पुन्हा उभी केली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना मी पहाटे तीनला विचारले, सगळे समजते का? त्यांनी मान हलवली आणि समोर बोट दाखवले. खांब फुटायची वेळ झाली होती.

प्रेक्षकाला भाषा येत नाही म्हणून नाटक मरते, हे माझे कारण तिथे मोडले. तेलुगू नाटक तमिळ गावात जगले, आणि मराठी नाटक त्याच परिसरात गेले. फरक भाषेत नसून पत्त्यात होता. मेलट्टूरचे नाटक देवाच्या वार्षिकात बांधलेले, जमीन आणि नवस आणि घराणी त्याच्यामागे. शहाजीराजांचे मराठी नाटक महालाचे. दुसरा पुरावा आणखी बोलका आहे. सरफोजीराजांवर कोट्टैयूरच्या शिवक्कोळुंदु देशिकांनी ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे तमिळ नृत्यनाट्य रचले. नायिका राजांच्या प्रेमात पडते. ते बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी सादर करत, आणि राज्य गेल्यावर कितीतरी वर्षे, विसाव्या शतकापर्यंत, करत राहिल्या. राजांनी स्वतः लिहिलेली मराठी कुरवंजी पोथीत गेली. राजांविषयीची तमिळ कुरवंजी देवळाच्या पायरीवर नाचत राहिली.

मराठीचेही सगळे पोथीत गेले असे मात्र नाही, आणि हे मला सर्वांत उशिरा उमगले. मराठी राजांबरोबर रामदासी मठ आले होते, कीर्तन आले होते. मठाला राजा लागतो, पण रोज लागत नाही. तंजावूरच्या रामदासी परंपरेतले मेरुस्वामी कीर्तन करत त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांच्या दरबारापर्यंत पोचले. संस्थान खालसा झाल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावूरला आले. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावूर कृष्ण भागवतर यांनी त्याला तमिळ रूप दिले, आणि ज्याला आज हरिकथा म्हणतात ती आकाराला आली. साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते तमिळ शब्दांवर बसली. कर्नाटक संगीताच्या मैफलीत शेवटाकडे अभंग होतो, त्याची एक वाट इथून जाते. कीर्तनकाराला ओसरी आणि चार माणसे पुरतात. तो तिकीट लावत नाही, पण ताट फिरवतो.

नाटक देऊळ, रस्ता किंवा तिकीटखिडकी यांपैकी कशाशी तरी बांधलेले असावे लागते, असा आता माझा अंदाज आहे. तंजावूरचे मराठी नाटक फक्त दरबाराशी बांधलेले होते. शहाजीराजांची प्रतिभा कमी होती किंवा महाराष्ट्राचे दुर्दैव आडवे आले, असे म्हणायची गरज पडत नाही. अर्थात मेलट्टूरने एकदा शहाणे केले आहे, तेव्हा हेही कोणीतरी मोडेल.

मी संपादकांना ओळ पाठवली : ‘तंजावूर, १६९०च्या सुमारास. पाच भाषांच्या दरबारातले एक मराठी नाटक.’ त्यांचा लगेच फोन.

“आणि ‘पहिलं’?”

“ते राहू द्या. पहिलं म्हटलं की दुसरं कुठंय ते दाखवावं लागतं.”

त्यांना पटले की ते कंटाळले, ठाऊक नाही. ओळ मात्र तशीच छापली गेली.

परतायच्या आदल्या संध्याकाळी मेलवीधीतल्या एका मराठी घरी गेले होते. तिथल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. मराठी बोलतात ती तमिळच्या हेलात, काही शब्द असे की माझ्या आजीनंतर मी ऐकले नव्हते. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या सासऱ्यांपासून घरात एकादशीला भजन होते, आणि अभंगांची जाड वही आहे, सगळी तमिळ लिपीत. मी त्यांना शहाजीराजांचे एक पद वाचून दाखवले. त्यांनी राग विचारला. मी सांगितला. त्यांनी पहिली ओळ पुन्हा म्हणायला लावली, हळू.

“हे गातात कोणी आता?”

“नाही, आजी.”

त्यांनी वही ओढली, शेवटचे कोरे पान काढले आणि मला म्हणाल्या, सांगा. तमिळ लिपीत क आणि ग एकच. म्हणून ग आला की त्या अक्षराच्या डोक्यावर बारीक ३ काढत होत्या. पहिल्या कडव्याला बराच वेळ लागला. दुसरे सुरू करण्याआधी त्यांनी सुनेला दिवा लावायला सांगितले.